रीटाच्या पँटवर माशांचे खवले

मंडळी, आज आपल्या मॅरेथॉनमध्ये मी चौथी आले. तिसरी आली माझी शेजारीण रीटा.

खाडीच्या पुलाआधीच मी तिला मागे टाकलं होतं. नंतर ती दिसली थेट शेवटच्या वळणावर, माझ्या पुढे! अंगावर घामाचा थेंब नाही.

तिथे मासे विकायला बसलेली माझी मावशी कुजबुजली, "गो, तिच्या पँटीक म्हावऱ्याची खवळां खंयसून इली?"

होडीने खाडी ओलांडली की पुलाचा सगळा वळसा वाचतो.

घरी आले तर अंगणात वल्ही ओली. बाबा म्हणाले, "मिया आज होडी काडलीच नाय." मग हळूच विचारलं, "रीटाचो नंबर इलो मां?"

मी रीटाचं नावही काढलं नव्हतं.

आता सांगा, तक्रार कोणाची करू?