ताईचे परीक्षक

मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला मुलं फार आवडत असतील, असं लोकांना वाटतं. माझी थोरली बहीण मुलांना घाबरायची. समीक्षकांना ती कधी घाबरली नाही. पण मुलुंडच्या आमच्या इमारतीतल्या पोरांपुढे नवं प्रकरण वाचायचं म्हटलं, की रविवारी तिला जेवण जात नसे.

वाचन जिन्यावर व्हायचं. लिफ्ट आल्यापासून तो रिकामाच असतो. ताई वरच्या पायरीवर, पोरं खाली. कसं वाटलं, हे ती कधीच विचारत नसे. "विचारलं की 'छान' म्हणतात. आया शिकवतात तसं." ती त्यांच्या पायांकडे बघायची. पाय हलू लागले, चपलांशी चाळा सुरू झाला, की समासात पेन्सिलीची रेघ. घरी येऊन तेवढा मजकूर काढायचा आणि पुढच्या रविवारी प्रकरण पुन्हा वाचायचं. "नालायक कार्टी," असं पुटपुटत तिने किती सूर्यास्त खोडले, ते मला ठाऊक आहे. तिच्या पुस्तकांची प्रुफं मीच वाचायचो.

विम्याच्या कचेरीत नोकरी करताना आणि निवृत्तीनंतरही ती अशीच लिहीत राहिली. एकदा एक पुरस्कार मिळाला. समारंभात परीक्षकांनी तिच्या निसर्गवर्णनाचं भरभरून कौतुक केलं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "वाचलेलं नाही रे त्यांनी. निसर्ग होता कुठे शिल्लक?"

माझी तिच्याकडे एकच तक्रार होती. वॉचमन, इस्त्रीवाला, समोरच्या गच्चीतली लंगडी मांजर, सगळे तिच्या पुस्तकांत जाऊन बसले होते.

"मला का नाही घेत?"

"तुझ्यात काही घडत नाही रे. बसतोस नि वाचतोस. पोरं पळून जातील."

यंदा ताई गेली. शेवटची कादंबरी लिहून झाली होती, पण शेवटचं प्रकरण जिन्यावर जायचं राहिलं होतं. गोराईच्या बोटीत मालकाशिवाय चढलेली एक शेळी आणि तिचं घर शोधायला निघालेली बोरिवलीची एक मुलगी, अशी गोष्ट आहे. ताई गेल्यावर काही आठवड्यांनी मी ते प्रकरण हातात घेतलं आणि जेट्टीपाशी थबकलो. तिथे त्या मुलीचा मामा बसला होता. मान खाली, मांडीवर पुस्तक, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. माझी ती काडी अजून तशीच आहे. लिहिताना चष्मा घसरतो.

दीड पानभर मामाच होता. ताईने लग्न केलं नाही आणि आम्ही दोघंच भावंडं. मी कुणाचा मामा होण्याचा प्रश्नच नव्हता. तिने मला न सांगता ते कागदावर उरकून टाकलं होतं.

प्रकाशकांचा फोन आला. म्हणाले, "बाईंचं शेवटचं लेखन आहे. एक शब्द न बदलता छापू." मला अगदी हेच ऐकायचं होतं. 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "रविवारी वाचून बघतो, मग पाठवतो."

मी कधी कुणापुढे मोठ्याने वाचलेलं नाही. पोरांनी ते लगेच ओळखलं.

"काका, जमेल ना तुम्हाला?" त्यांच्यातल्या थोरल्या मुलीने विचारलं.

"बघू या."

"ताईआजी शेळीचा आवाज काढायच्या."

मी काढला.

"वाट लागली," मागून कुणीतरी म्हणालं. पण पोरं बसून राहिली.

बोट गोराईला लागेपर्यंत एक पाय हलला नाही. मग मामा आला. पहिल्याच परिच्छेदात एक चप्पल घरंगळत खालच्या पायरीवर गेली. पुढे तर दोघांची पायांनीच मारामारी जुंपली. मी आवाज चढवला. काही उपयोग नाही. शेवटी ताईने कधीच विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"काय झालं?"

"तो मामा ना, बोअर आहे यार," मुलगी म्हणाली.

"का गं? चांगला तर आहे."

"पण करतो काय? नुसता बसलाय."

"वाचतोय तो."

"तेच ना! शेळीचं सांगा ना, काका."

शेळीचं सांगितलं. ती मामाजवळून जाते तेव्हा तो पाय आखडून घेतो आणि तिला "या" म्हणतो. तिथे मात्र सगळे खिदळले.

घरी येऊन पेन्सिल घेतली आणि बराच वेळ बसलो. मोठ्या वाचकांना मामा आवडला असता. प्रकाशकांनी तर त्याला हात लावू दिला नसता. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. पण जिन्यावर ज्याचं जमलं नाही असं एकही पान ताईने आजवर छापायला दिलं नव्हतं, आणि पहिलं द्यायचं ते माझं, हे मला पटेना. आधी चष्मा गेला. मग पुस्तकावर खाली गेलेली मान, मग जेट्टीवरची ती संध्याकाळ. दोन वाक्यं उरली.

पुढच्या रविवारी पुन्हा वाचलं. शेवटपर्यंत पाय जागच्या जागी होते. सोमवारी प्रकरण पाठवून दिलं.

मामा आहे अजून. शेळी आली की तो पाय आखडून घेतो, तिला "या" म्हणतो आणि पुन्हा वाचायला लागतो.