बाहेरच्याचं नाक

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत मी एकटाच असतो. समोर काचेच्या भांड्यात अमोनियाचं पाणी आणि त्यात बुडवलेली कार्बनच्या कागदाची पट्टी. पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे प्लॅटिनमचे कण आहेत. वीज सोडली की ते अमोनिया मोडतात आणि नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात. पण थोडा नायट्रोजन सुटतच नाही, कणांनाच चिकटून बसतो. मग पट्टी निपचित पडते. तिला तो आपला आपण झटकता येत नाही. बाहेरून विजेचा झटका द्यावा लागतो.

तो देणार, तेवढ्यात शेजारच्या प्रयोगशाळेतल्या कुलकर्णीबाई किल्ली मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. नाकाला ओढणी लावत म्हणाल्या, "अहो, केवढा हा वास! डोळे चुरचुरतायत. एक्झॉस्ट तरी लावा की!"

मला कसलाच वास येत नव्हता. अमोनियाचं असंच आहे, थोड्या वेळाने नाक सरावतं. म्हणून आमच्याकडे पद्धतच आहे, बाहेरून आलेल्याच्या नाकावर विश्वास ठेवायचा. मी एक्झॉस्ट लावला.

घरी कुलूप मीच लावतो, मीच काढतो. कित्येक वर्षं झाली, बाहेरचं कुणी आत आलेलं नाही. त्या संध्याकाळी कुलूप काढलं आणि उंबऱ्यावरच उभं राहून खोल श्वास घेतला.

कसलाच वास आला नाही.