मांडूचा चौथा ओ

ती घटना मला आठवावी लागत नाही, ती विसरायला मात्र मी बरीच खटपट केली. आज लिहितो आहे ते बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या तपासाबद्दल मला शाबासकीचा कागद मिळाला होता, आणि माझ्या पंचनाम्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती. राहिली नव्हती, मी ती लिहिली नाही.

महायुद्ध सुरू होण्याच्या आधीचा हिवाळा. मी धुळ्याला फौजदार होतो. आग्रा रोडने संस्थानी हद्दीत जाणाऱ्या मोटारींतल्या उतारूंची यादी आम्ही सोनगीरच्या चौकीवर जाता-येता तपासत असू. एक माहीतगार गृहस्थ महेश्वर, मांडू, धार अशी जुन्या शहरांची सहल नेत. उतारू अठरा.

आमच्या हवालदाराने त्यांना डिवचलं, "भाऊ, पडकं बघायला मांडू कशाला? आमचा सोनगीरचा किल्ला काय नवाकोरा आहे?"

"तुमचा किल्ला मुका आहे, हवालदार," ते हसून म्हणाले. "मांडूचे दगड ओ देतात."

मागच्या बाकावर एक बडं घराणं होतं. नवरा, सासू, सासरे आणि हनुवटीपर्यंत पदर ओढलेली सून. वर्षभरापूर्वी तिचा बाप मारहाणीची तक्रार घेऊन आला होता, तेव्हा मीच समजूत काढून तिला नांदायला पाठवलं होतं. हवालदाराने पाण्याचा तांब्या पुढे केला. सुनेचा हात बाहेर आला. मनगटावर हिरवं गोंदण होतं, तुळशीवृंदावन. ते थोडं तिरपं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

सहाव्या दिवशी मोटार परतली. त्या दिवशीही मी चौकीवर होतो. सासरे खिडकीतून म्हणाले, "मोजा फौजदार, अठरा गेली, अठरा आली." मी मोजली, अठरा भरली. सुनेने पदर सारखा केला, तेव्हा तिचं मनगट दिसलं. कोरं होतं.

मी पाहिलं. पण भर रस्त्यात बड्या घरच्या सुनेला पदर वर घ्यायला सांगायचं, आणि चूक आपलीच निघाली तर? दुसऱ्या हातावर असेल, असं मनाशी म्हटलं आणि यादीवर सही केली.

दोन दिवसांनी त्या घरून वर्दी आली की सून कुणाला न सांगता निघून गेली. त्याच दुपारी तिचे वडील ठाण्यात आले. शेतकरी माणूस, गावात त्यांना आबा म्हणत. पागोटं काढून हातात धरलेलं.

"साहेब, मनी पोर मोटरमा व्हती का?"

"होती. मी स्वतः मोजली, आबा."

"सोता देखी?"

"पाहिली."

"मंग ती धुयामाच शे," असं म्हणून ते उठले. पुढचे आठ दिवस ते धुळ्याच्या विहिरींत वाकून हाका मारत फिरले. मी मदतीला दोन शिपाई दिले, आणि लोक म्हणाले, फौजदार मनाचा मोठा आहे.

नवव्या दिवशी झोप लागेना म्हणून सहलीच्या गृहस्थांना बोलावलं. साधा प्रश्न विचारला, मोजणी कुठे चुकली होती का?

"मांडूला, साहेब, तिसऱ्या दिवशी. आधी सतरा भरली. सासरे म्हणाले, सून मागे आहे, येते. थोड्या वेळाने सासूबरोबर पदर घेतलेली बाई आली. अठरा झाली."

"त्याआधी काय चाललं होतं?"

"प्रतिध्वनी दाखवत होतो. 'कोण आहे' अशी हाक दिली. तीनदा दिली, तीनदा फिरून आली." त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "चौथ्यांदाही आवाज आला. मी हाक दिलीच नव्हती."

"काय ऐकू आलं?"

"'आबा' असं आलं. मी म्हटलं, पाहा मंडळी, मांडूचा दगड न बोलावताही ओ देतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेब."

संस्थानच्या पोलिसांना तार केली आणि आम्ही निघालो. त्या पडक्या महालामागे पायऱ्या ढासळलेली एक कोरडी बारव होती. सून तिथेच होती. डॉक्टर म्हणाले, पडून मेलेली नाही, पाच-सहा दिवस जगली असावी. मी बोटांवर दिवस मोजले. आबांना मी "पाहिली" म्हणालो, त्या दुपारी ती जिवंत होती.

नवऱ्याला आणि सासऱ्याला शिक्षा झाली. सुनेच्या जागी बसवलेली बाई त्यांच्याच नात्यातली निघाली. सून धुळ्यात परत आली होती असं सिद्ध व्हावं, एवढ्यासाठी तिला आधीच मांडूला बोलावून ठेवलं होतं, आणि त्याला पुरावा माझ्या सहीचा होता. पुढच्या नोकरीत मी नुसती डोकी कधी मोजली नाहीत, प्रत्येकाला नाव विचारलं. तिला त्याचा काय उपयोग?

आबा हयात आहेत. दर हिवाळ्यात भरताची वांगी घेऊन येतात. "भाऊ, तुम्ही नसता ते मनी पोर सापडतीच नही," म्हणतात. मी वांगी ठेवून घेतो.

त्यांना मी एक वाक्य देणं लागतो. आबा, त्या हातावर गोंदण नव्हतं, आणि मला ते दिसलं होतं.