पहिल्या कैचीची गाठ

लोखंडी छपराची पहिली कैची, म्हणजे पत्रे पेलणारा त्रिकोणी सांगाडा, उभी राहिली की हरेश्वरदादा सगळ्यांदेखत मला हाक मारत, "सायब, गाठ तुमी मारा." मी इंजिनीअर, ते मुकादम. लोखंड वर चढवणारे खलाशी गालातल्या गालात हसत. कैचीला ताणून धरणारा दोर मी जमिनीतल्या खुंटीला बांधला की दादा तो ओढून बघत. गाठ जरा ढिली निघाली की पुन्हा मारायला लावत. सहा वर्षं हेच चाललं. मला संताप यायचा, पण बोलायला तोंड नव्हतं.

दादा अर्नाळ्याचे. वडिलांची होडी गेल्यावर या कामात आले. दोरखंडाचं ज्ञान समुद्रावरचं, बाकीचं छपरावर चढून मिळवलेलं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत, "वरचं वजन कैची पेलते. पत्रं, मानसं, सगळं. बाजूचा धक्का तिला पेलत नाय. शेजारी दुसरी उभी राहून मधल्या पट्ट्या लागेपर्यंत ती एकटी. एकटीला दोरानं धरून ठेवायचं." कमरेचा पट्टा विसरून आलेल्याला ते ओरडत नसत. "आज घरी जा, मासे खा, उद्या ये," एवढंच.

हे गाठीचं सुरू होण्याआधी सातिवलीच्या एका गोदामाचं काम होतं. मी नोकरीला नवा. पहिल्या कैचीखाली नारळ फोडायचा आणि मालकाचा सगळ्यांसोबत फोटो काढायचा, अशी आमच्याकडची रीत. एका बाजूचा दोर नेमका फोटोत आडवा येत होता. पाच मिनिटांचा तर प्रश्न, म्हणून मी तो खुंटीवरून सोडला. दादा पलीकडच्या टोकाला खांबाच्या पायाशी बोल्ट आवळत होते.

नारळ फुटला. सगळे हसून उभे राहिले आणि वाऱ्याची एक झुळूक आली. झुळूकच, वादळ नव्हे. माथ्यावरचं ते लोखंड सावकाश कलू लागलं. "भायेर व्हा!" दादांची आरोळी आली. ते धावत आले, सुटलेला दोर हाताला गुंडाळून टाचा मातीत रोवून मागे रेलले. कैची क्षणभर थांबली. मालकासकट आठ माणसं तेवढ्यात बाहेर पडली. मग दोर सरसर ओढला गेला आणि आम्ही उभे होतो तिथे कैची आदळली. दादांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दोराबरोबर गेली. तो आवाज अजून कानातून जात नाही.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "गेलं का कुनी?"

"नाही, दादा."

"दोर कुनी सोडला?"

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या हाताच्या पट्टीकडे बघत म्हणालो. लाज वाटते.

"बरं," दादा म्हणाले. अहवालात मी वारा लिहिला.

यंदा दादा झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर अर्नाळ्याला गेलो. वहिनींनी चहा पुढे केला आणि शांतपणे विचारलं, "दोर सोडलेला ते सायब तुमीच ना?"

मी कप खाली ठेवला. "दादांना ठाऊक होतं?"

"पलीकडनं बघितलेलं त्यांनी. मी म्हटलं, मालकाला सांगा, काढून टाकतील. तर म्हनाले, काढला तर दुसरीकडं जाऊन परत सोडंल. माझ्याजवळच राहू दे त्याला, गाठ मारायला शिकवतो."

वहिनींनी माझ्या हातांकडे बघितलं.

"शिकलात ना?"