वाफ्यावरचा कागद

तारामती आक्कांच्या हातून कधी मुंगीसुद्धा मेली नाही, असं कोगनोळीच्या शिवारात सांगतात. पाणी गाळून पिणार, गाळण्याचं कापड त्यातले जीव जगावेत म्हणून पुन्हा विहिरीत झटकणार, दिवस मावळायच्या आत जेवणार. अशा बाईमुळं एका माणसाची अब्रू गेली, हे मात्र कुणी सांगत नाही.

मिरचीच्या रोपांना दरवर्षी मर रोग लागायचा, उभी रोपं कोलमडायची. म्हणून त्यांचे मालक धनपाल अण्णा यांनी यंदा वैशाखात माती तापवायची ठरवली. वाफे भुसभुशीत केले, पाणी पाजलं, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणला आणि कडा चिखलानं लिंपल्या. सहा आठवडे कागद हलता कामा नये, आतल्या उष्णतेनं रोगराई जळून जाते, असं त्यांनी भरमूला बजावलं. भरमू त्यांचा वीस वर्षांपासूनचा जुना गडी. राखण त्याच्याकडं. शेजारच्या चौघांना रोपं द्यायचा शब्दही अण्णांनी आधीच देऊन टाकला.

"आतल्या किड्यांचं काय हुतंय?" आक्कांनी विचारलं.

"नांगर मारताना काय हुतंय?" म्हणून अण्णा हसले.

त्यांनी हसण्यावारी नेलं, पण आक्कांच्या मनातून ते जाईना. दुपारी अण्णा जेवून आडवे झाले की त्या वाफ्याकडं जायच्या, एका बाजूचा चिखल काढायच्या आणि कागद वर धरायच्या. भपकन वाफ तोंडावर यायची. निघणाऱ्या जिवांनी निघावं म्हणून तासभर उन्हात थांबायच्या, मग हाताला येईल तसा चिखल थापून घरी परतायच्या. जीव वाचवायचे होते तर नवऱ्याशी उघड भांडायचं होतं. चोरून दया करायला कसला आलाय धीर?

पुढं कागद काढून बी टाकलं. रोपं बोटभर झाली आणि तीन दिवसांत आडवी पडली. रोपं न्यायला आलेल्या चौघांच्या देखत अण्णा भरमूवर कडाडले.

"कागद उघडा पडत हुता आन तू झोपा काढत हुतास. उद्यापासनं येऊ नगंस."

आक्का चार पावलांवर चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नाही. सगळ्यांना चहा दिला, भरमूलाही दिला. त्यानं तो प्याला, कप विसळून ठेवला आणि तो गेला.

आक्कांनी जैनांच्या बस्तीत, देवळात, देवापुढं हात जोडले, पण काही मागायला तोंडच उरलं नव्हतं. किड्यांसाठी उन्हात उभी राहणारी मी, माणसासाठी एक शब्द बोलले नाही, या विचारानं त्यांना स्वतःची शरम वाटे. आठ दिवस असे काढून नवव्या दिवशी त्या भरमूच्या दारात गेल्या.

"भरमू, कागद मी उचलत हुते रं."

"ठावं हाय की, आक्का. तुमी गेलासा की मागनं मीच चिखल लावायचो."

"मग त्या दिशी बोलला का न्हाईस?"

"चौघांच्या म्होरं तुमचं नाव कसं काढायचं?"

आक्का उंबऱ्यावरच बसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरमूनं आणून दिलेलं पाणीही त्यांना पिववेना.

तिथून त्या सरळ मळ्यात गेल्या. अण्णा त्याच चौघांबरोबर बांधावर बसले होते. आक्कांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चौघं जमिनीकडं बघू लागले.

"घरात जा," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "घरात बोलू."

"घरात न्हाय. त्याला तुमी हितंच बोललासा."

अण्णांनी वाळून गेलेल्या वाफ्याकडं पाहिलं.

"त्याला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"पयल्यापासनं."

अण्णा उठले. चपला पायात घालून भरमूच्या घराच्या वाटेला लागले आणि आक्का त्यांच्या मागून निघाल्या. सांगून टाकलं की ओझं उतरेल, असं त्यांना वाटलं होतं. ते उतरलं नाही. फक्त आता दोघंही खाली मान घालून चालत होती.