काटे नसलेलं घड्याळ

धर्माशेठ कुठे निघाला की आधी त्याचं पोट येतं, मग मिशा, आणि मग चाव्यांचा जुडगा वाजवत उरलेला धर्माशेठ. बापाची मिठागरं होती, ह्याने ट्रक घेतले. आता त्याच्या गाड्या दिघी बंदरापर्यंत जातात. तोंडाने तिखट, हाताने सढळ. गावात कुणाकडे मांडव घातला की खुर्च्या आणायला धर्माशेठची गाडी फुकट. पंगतीला बसला की वाढणारे दमतात, हा दमत नाही. असा हा खवय्या सासरी मात्र चाळीस वर्षं चहापलीकडे कशाला शिवला नव्हता.

कारण एक घड्याळ.

त्या काळी लग्नाच्या जेवणात नवऱ्याने रुसायची रीत होती. भोवती रांगोळी, समोर भरलेलं ताट, उदबत्तीचा धूर, आणि नवरा हात आखडून बसलेला. मग सासऱ्याने विनवायचं, नवऱ्याने मान फिरवायची, अखेर एखादी अंगठी नाहीतर सायकल कबूल व्हायची आणि नवरा पहिला घास घ्यायचा. दोन्ही बाजूंना आपापली वाक्यं पाठ असत. कुणी मनाला लावून घेत नसे.

धर्माच्या मित्रांनी त्याला पढवून ठेवलं होतं, डिजिटल घड्याळ माग. गल्फहून सुट्टीवर आलेल्यांच्या मनगटावर तेव्हा ते दिसायचं. काळं, चौकोनी, चार बटणांचं, तासातासाला टीं टीं करणारं. सासऱ्याने बिचाऱ्याने खिशात चावीचं सोनेरी घड्याळ तयार ठेवलं होतं. जावयाची मागणी ऐकून तो खरोखरच गोंधळला.

"काटं नाय त्या घड्यालाला? मंग येल कशी कलाची?"

आणि पंगतीच्या टोकाकडून कुणीतरी बोललं, "काटं नको तर जावयाला बिनकाट्याचा बोंबील वाढा."

अख्खा मांडव हसला. आचारी हसले, भटजी हसले, मुंडावळ्यांआडून नवरी मैनाही हसली. वाक्यं पाठ केलेला धर्मा ह्या हशाला काय बोलायचं हे शिकून आला नव्हता. तो ताडकन उठला. "चालतं डिजिटल घड्याळ ह्या हातात येत नाय, तवर ह्या घरचा घास घेणार नाय."

"नको घेव," सासरा म्हणाला आणि स्वतः जेवायला बसला.

शपथ घरच्या उंबऱ्यापुरती होती, हे मैनाने लवकरच ओळखलं. माहेरी गेली की येताना ती डबा भरून आणायची. आई ठमाबाईच्या हातचं घरच्या तळ्यातल्या जिताडा माशाचं कालवण, कधी कोलंबी, कधी वालाचं बिरडं. धर्मा आपल्या घरी, आपल्या पाटावर बसून ते शेवटच्या थेंबापर्यंत भुरकायचा. कुणी केलं हे त्याने कधी विचारलं नाही आणि मैनाने कधी सांगितलं नाही.

पुढे डिजिटल घड्याळं भाजीसारखी रस्त्यावर विकायला आली. सासरा गेल्यावर मेहुण्याने, धनेशने, अलिबागच्या बाजारातून एक आणलं आणि भाऊबीजेला धर्मापुढे ठेवलं. तिथेच मिटायचं. पण धर्माच्या जिभेने दगा दिला.

"हे आताचं हाय. मना तेव्हाचं पायजे, गल्फचं."

"मंग जा गल्फला," धनेश म्हणाला, आणि तेव्हापासून विषय बंद.

ह्या पावसाळ्यात ठमाबाई न्हाणीत पडली. दवाखाना झाला, घरी आली, खाटेवरून ओटीवर येऊ लागली. वय ऐंशीपलीकडचं, एका डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं ते धुरकट. तिने लेकीला जवळ बसवून सांगितलं, "माजा जावय माज्या ओटीवर जेवताना मना बगाचाय. मंग मी जावाला मोकली."

मैना घरी आली ती रिकाम्या हाताने. धर्माने पिशवीत डोकावून पाहिलं.

"डबा?"

"बंद. आई बोलली, जेवायचं तर तिथं येऊन जेवा."

"माझी शपथ हाय."

"शपथ तुमची हाय, आई माझी हाय," मैना म्हणाली आणि त्याच्यापुढे दुधीची भाजी ठेवली.

धर्माला दुधी गिळवेना, आणि म्हातारीचं वाक्यही. खरं तर तो केव्हाच विरघळला होता. पण इतकी वर्षं ताठ धरलेली मान एकदम खाली कशी करायची, हे त्याला कळत नव्हतं. उंबरा ओलांडायला हातात काहीतरी हवं होतं.

ते मिळालं बोर्ली पंचतनला. ट्रकच्या कामासाठी तो फेरीबोटीने दिघीला उतरला होता. तिथून बोर्लीच्या बाजारात गेला, तर गफूरचाचाच्या घड्याळ दुरुस्तीच्या टपरीत, काचेखाली, ते. काळं, चौकोनी, चार बटणांचं. धर्माचा चहा कपातच राहिला.

"कुणीतरी कुवेतवरनं आणलेलं," गफूरचाचा म्हणाला. "पोरांनी जुनी पेटी साफ केली, त्यात निघालं."

"चालतं?"

चाचाने मागचं झाकण उघडून नवा सेल बसवला. काचेवर सगळीकडे आठचे आकडे उभे राहिले, क्षणभर थांबले आणि निघून गेले.

"बघितलंत?"

"बघितलं. पण गेले."

"आले होते ना? जो एकदा आला तो परत पण येतो."

"चाचा, चालतं म्हणून विकतोस का बंद म्हणून?"

"तुम्ही बंद म्हणून घ्या, शेठ. चाललं तर तुमचं नशीब, नाय चाललं तर मी खोटा नाय."

भाव मात्र बंद घड्याळाचा नव्हता. धर्माने घासाघीस न करता घेतलं. परतीच्या बोटीत ते त्याने काखेत धरून ऊब दिली, गाडीच्या बॉनेटवर तापवलं, घरी तांदळाच्या डब्यात पुरलं. एकदा ते जागं झालं, कुठलासा मंगळवार दाखवला आणि पुन्हा झोपलं. काट्यांचं घड्याळ बंद पडलं तरी काहीतरी वाजल्याचं दाखवतं. ह्याच्या काचेत धर्माला फक्त स्वतःच्या मिशा दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने धनेशला शेताच्या बांधावर गाठलं आणि रुमालात गुंडाळलेलं घड्याळ त्याच्या हातात दिलं.

"हे तू मना दे."

"दाजी, तुमचं घड्याळ मी तुम्हालाच देऊ?"

"काय झालं? अहेर असाच फिरतो. गेल्या लग्नात तू दिलेला कुकर आमचाच होता."

धनेशला हसू आवरेना. त्याने बटणं दाबून पाहिली. "चालतं का?"

"मनात आलं तर."

"अट चालत्या घड्याळाची होती."

"अट माझी होती. मी बघून घेतो. तू आईच्या हातून दे म्हणजे झालं. आणि जिताडं मोठं काढ."

रविवारी सगळे जमले. ओटीवर रांगोळी काढली, पाट मांडला, उदबत्ती लावली. धनेशची बायको विनिता ओटीलगतच्या चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. कालवणाचा वास बाहेर आला तसा धर्मा पाटावर बसल्याबसल्या हलायला लागला. ठमाबाईने रुमाल सोडला आणि घड्याळ जावयाच्या तळहातावर ठेवलं.

"घे बाबा. तुज्या सासऱ्याला ह्यातलं कलत नवतं. उशीर झाला."

धर्माने घड्याळ उचललं. काच कोरी. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, चारही दाबली. मनगटावर बांधून हात झटकला. काही नाही. विनिताचा भाकरीवरचा हात थांबला. धनेश छताकडे बघू लागला.

"चालतंय का रं?" ठमाबाईने विचारलं. तिचा चांगला डोळा त्याच्या तोंडावर लागला होता.

चालत नाही म्हटलं की शपथ शाबूत, मान शाबूत, आणि म्हातारी तशीच बसून राहणार. धर्माने घसा साफ केला. मनगट नाटकातल्या राजासारखं डोळ्यांपर्यंत आणलं.

"चालतंय तर. झकास चालतंय."

"किती वाजलं?"

ही परीक्षा त्याने गृहीत धरली नव्हती. त्याने आसपास पाहिलं. ठमाबाईच्या मागे मैना उभी होती. तिने एक बोट वर केलं आणि मग ते अर्ध्यात दुमडलं.

"दीड," धर्मा म्हणाला.

"शेकंद पण दिसतात का वो?" मैनाने तोंडाला पदर लावून विचारलं.

"दिसतात. पळतायत. लवकर वाढा."

ताटात वाफाळलेली भाकरी आली, जिताड्याचा डोक्याकडचा तुकडा आला. धर्माने पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे मिटले. डब्यातलं कालवण आणि चुलीवरून उतरलेलं कालवण ह्यांत केवढं अंतर असतं ते त्याला आता कळत होतं. एक भाकरी गेली, दुसरी गेली, तिसरीला विनिता पुन्हा पीठ मळायला बसली.

ठमाबाई भिंतीला टेकून घासन् घास बघत होती. मधेच तिने हात लांब करून त्याच्या मनगटावरच्या काचेवरून अंगठा फिरवला आणि परत मागे घेतला.

"तुजा सासरा मना एकदा बोलला होता," ती सावकाश म्हणाली. "बोलला, ह्या जावयाला घड्याल देऊ नुको. एकदा जेवाला बसला तर तली सुकवल."

धनेश हसून आडवा झाला. विनिता पिठाच्या हाताने डोळे पुसत होती. मैनाचा पदर तोंडावरून सुटला. सगळी ओटी हसत होती, आणि धर्माला मध्येच ठसका लागला, कारण भरल्या तोंडाने तोही हसायला गेला होता. मैनाने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो ढकलून त्याने ताट विनिताकडे सरकवलं.

"वहिनी, आईला पण वाढा," तो म्हणाला. "एकट्याला जेवायला बरं वाटत नाय."