फोनला सुतक लागतं का?

शनिवार, १५ मे २०१०. मसुरे, माहेरचं घर. आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता. माझी मुलगी त्याच्या थोडी आधीच जन्मलेली.

आदल्या दिवसापासून ती नीट पीत नव्हती. माझी छाती दगडासारखी, अंगात कणकण... हे सगळं आई बघणार होती.

हॉस्पिटलच्या सिस्टरांनी नंबर दिला होता. लावला, तर "तिने तोंड मोठं उघडलं की लगेच..." एवढ्यावर रेंज गेली. पुन्हा फोन लागलाच नाही.

शेजारच्या नलूकाकी रिटायर्ड नर्स. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचं लग्न, सकाळीच देवक बसलेलं. सुतकाच्या घरात त्यांना पाऊल टाकता येईना, आणि बाळाचं रडणं तर थेट मांडवात जात होतं...

शेवटी त्यांनी भटजींनाच विचारलं, फोनवर बोललं तर सुतक लागतं का. भटजींनी बराच वेळ विचार केला म्हणे. वायरचा फोन असता तर सांगणं कठीण होतं, पण मोबाईलला वायरच नाही, तेव्हा हरकत नाही... असा निर्णय झाला.

बाबांचा मोबाईल वाजला. काकी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे उभ्या, मला खिडकीतून समोर दिसत होत्या.

माझे दोन्ही हात बाळात गुंतलेले. स्पीकर लावायची लाज वाटली, म्हणून बाबांनी फोन माझ्या कानाला धरला. हात लांब केलेला आणि तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आई गेल्यापासून ते कोणाशी एक शब्द बोलले नव्हते.

काकींनी आधी गरम फडक्याने शेकायला लावलं, थोडं दूध पिळून काढायला सांगितलं. मग त्यांनी मांडवातला एक नारळ घेतला, नव्या टॉवेलात गुंडाळला, फोन खांद्याने कानाशी दाबला आणि नारळ छातीशी धरून मला दाखवू लागल्या.

"थान तिच्याकडे नेव नको गो, तिका थानाकडे हाड."

म्हणजे छाती पुढे न्यायची नाही, बाळाला छातीशी आणायचं. त्या नारळ फिरवतील तसं मी बाळ फिरवत होते. तेवढ्यात कोणी पाहुणी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. काकी तिला शांतपणे म्हणाल्या, "नारळाक दूध पाजतंय. तू जा, भटजींका चाय दी."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा... आणि बाळाचं जेमतेम लागलेलं तोंड सुटलं. त्यावरून काकींची बोलणीही खाल्ली.

पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं. मग एकदा तिने चांगलं मोठं तोंड उघडलं आणि पकडलं.

"लागला काय? पिता काय गो?" काकी विचारत होत्या. मी फोनवर नुसती मान हलवत होते.

खोलीत तिच्या घोटांचा आवाज येत होता. बाबांनी कॅलेंडरकडे बघतच फोन स्वतःच्या कानाला लावला.

"पिता गो वैनी," ते म्हणाले. "पिता..."

मग कितीतरी वेळ ते तसेच उभे होते, फोन कानाला लावून. काकींनीही पलीकडून फोन बंद केला नाही.

काकींचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

दुपारी ती पोटभर पिऊन झोपली. न्हाणीत दुपट्यांची बादली भरून पडली होती. बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा नसतो, पण ते सांगायला कोणी नव्हतं. मी दुपटी धुतली आणि मागच्या दोरीवर एकेक करून वाळत घातली.